दहा तेत्रींची लिफ्ट

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत
लिफ्टला आधी नाणं भरवावं लागतं.
दहा तेत्री टाकल्या की ती घसा खाकरते,
कण्हत निघते,
आणि दोन मजल्यांच्या मध्ये
काहीतरी आठवल्यासारखी थांबते.

मी चौथ्यावर राहतो. अवतांदिल. टॅक्सी चालवतो.
बारा तास बूड सीटला चिकटलेलं,
पोट स्टिअरिंगला टेकलेलं,
तिबिलिसीचे सगळे चढ माझ्या गाडीच्या पायांनी चढलेले.
डॉक्टरीणबाईंनी या खेपेला कागदावर काही लिहिलंच नाही.
नुसतं म्हणाल्या, "चाला."
गोळी लिहून दिली असती तर बरं झालं असतं,
गोळी विकत तरी मिळते.

मुलीनं पोलंडहून घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं.
पहिल्या दिवशी त्यानं मोजली नऊशे बारा.
त्यातली निम्मी गिअर बदलणाऱ्या हाताची असावीत.

सातव्यावर त्सियाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची.
रेशमाच्या गिरणीत जन्म उभ्यानं काढलेली.
"पाय माझे, जिना सगळ्यांचा,
मग नाणं कुणाच्या घशात घालू?"
रोज सकाळी ती भट्टीवर जाते,
होडीसारखे लांब दोन पाव काखेत घेऊन
एकशे सव्वीस पायऱ्या चढते.
एक पाव घरी ठेवते,
दुसरा आणखी एक मजला वर,
आंधळ्या वलेरीच्या दारात.
व्यायाम हा शब्द तिच्या तोंडी
मी कधी ऐकला नाही.

जानेवारीत बर्फावरून तिचा पाय मुरगळला.
मी तिला धरून लिफ्टमध्ये आणलं, नाणं टाकलं.
तिनं डोळे मिटून घेतले, भिंतीला तळवा लावला.
"कुठे आलो रे?"
"तिसरा."
"खोटं. तिसऱ्यावर राजमा शिजतो कोथिंबिरीतला.
चौथ्यावर तुझे ओले बूट.
पाचव्यावर कुत्रं दाराला नाक लावून बसतं.
सहाव्यावर नवरा-बायकोचं भांडण,
ऐकू आलं नाही तर मला घोर लागतो.
इथे नुसता लोखंडाचा वास येतोय."

दुसऱ्या दिवसापासून वलेरीचा पाव माझ्याकडे.
मी आपला लिफ्टनं गेलो.
दार उघडायला त्यानं फार वेळ लावला.
"चहा नाही," तो म्हणाला, ओशाळून.
"त्सियालाची पावलं पाचव्यावर वाजली की मी किटली ठेवतो.
ती दारात येते, पाणी उकळतं.
लिफ्टमधून कोण येतंय, कुणाकडे येतंय,
मला कसं कळावं?"

म्हणून, केवळ म्हणून,
तिसऱ्या दिवशी मी जिन्याकडे वळलो.
माझा मजला आला. गेला.
घराचं दार मागे टाकून वर जाताना
चोरी केल्यासारखं वाटलं.
पाचव्यावर कुत्रं भुंकलं, त्याला माझी पावलं ठाऊक नव्हती.
सहाव्यावर मी पायरीवरच बसलो,
छातीत जुनं इंजिन, पोटऱ्यांत वाळू,
गुडघा सुक्या दारासारखा कुरकुरत.
भिंतीपलीकडे बाई म्हणत होती,
"तुझ्या आईनं लोणचं पाठवलं ते कुणाला विचारून?"
आणि वर, दोन जिने वर,
किटलीचं झाकण थरथरायला लागलं.

घड्याळानं मनगटावर थाप मारली, अभिनंदन केलं.
मी ते काढून खिशात टाकलं.

आता मार्च संपत आला.
त्सियाला पुन्हा चढते, माझ्या पुढे,
आणि वळणावर थांबून माझी वाट बघत नाही.
एक दिवस पाव तिचा, एक दिवस माझा, असं ठरलंय.
पट्टा एकच भोक आत गेला.
डॉक्टरीणबाईंनी भुवई वर केली, तेवढंच.

परवा वलेरीनं कप पुढे केला, चहा फिकट होता.
"तू आता सहाव्यावर बसत नाहीस," तो तक्रार करत म्हणाला.
"पत्ती मुरायला वेळच मिळत नाही.
उद्यापासून जरा टेकत जा पूर्वीसारखा."